दुर्योधनाची सुटलेली दोन पाने

अंधांसाठी बोलकी पुस्तके तयार करणाऱ्या त्या वाचनालयात त्यांना सगळे धर्मराज म्हणत. खरे नाव हजेरीच्या वहीत होते, पण ती वही वाचू शकणारी माणसे तिथे मोजकीच. बावीस वर्षे, दर रविवारी सकाळी साडेनऊला, धर्मराज पाण्याची बाटली आणि चष्म्याची डबी घेऊन वाचनाच्या खोलीत शिरत आणि पुराणातल्या सज्जनांच्या तोंडून बोलू लागत. राम त्यांचा, विदुर त्यांचा, भीष्म त्यांचा, आणि युधिष्ठिर तर खास घरचाच. ऐकणाऱ्या एका बाईंनी कधीतरी म्हटले होते, "यांचं वाचन ऐकलं की धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत बसल्यासारखं वाटतं." हे वाक्य त्यांनी बायकोला इतक्या वेळा ऐकवले होते की आता त्यांनी 'यांचं वाचन' म्हटले की चादरींपासून पुढचे तीच म्हणून टाकी.

आठवड्याचे उरलेले सहा दिवस ते औषधांच्या गोदामात खोक्यांवरचे बॅच नंबर आणि मुदतीच्या तारखा तपासत. निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते. तिथे ते नुसते 'स्टोअरवाले' होते. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून मुदत संपलेले एक खोके बाहेर गेले नव्हते, आणि या गोष्टीबद्दल त्यांना कोणी कधी एक शब्दही म्हटला नव्हता. त्यामुळे रविवार हाच त्यांचा खरा वार.

वाचनाची सवय आईमुळे लागली. साखरेच्या आजाराने तिची दृष्टी गेली तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते. संध्याकाळी घरी आले की तिला वाचून दाखवायचे. अंग मोडून आलेले असले की एखादा परिच्छेद हळूच गाळायचा. आई डोळे मिटून पडलेली असायची, पण लगेच म्हणायची, "मागे ये रे. काहीतरी राहिलं." आई गेली आणि संध्याकाळ रिकामी झाली, तेव्हा ते वाचनालयाचा जिना चढले.

वाचनालयाची एक पद्धत होती. वाचणारा आतल्या लहान खोलीत बसे. आवाज घुमू नये म्हणून तिच्या भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या होत्या. काचेपलीकडे तपासणारा कानाला हेडफोन लावून, त्याच पुस्तकाची दुसरी प्रत पुढ्यात घेऊन बसे. चूक झाली की त्याने टेबलावरचे बटण दाबायचे. आत लाल दिवा लागे. वाचणाऱ्याने वाद घालायचा नाही. मागच्या पूर्णविरामापर्यंत जायचे आणि तिथून पुन्हा यायचे. पुस्तक संपले की तपासणाऱ्याने आत जाऊन स्वतःच्या आवाजात एक वाक्य बोलायचे: "हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शब्दशः वाचले आहे, याची मी खात्री देतो." कागदावरची सही श्रोत्यांच्या काय कामाची? म्हणून ही आवाजाची सही. धर्मराज वाचत नसतील तेव्हा तपासायला बसत, आणि त्यांची ही सही वाचनालयात पक्की समजली जाई.

असे सगळे सुरळीत चाललेले असताना ते पुस्तक आले.

हल्ली खलपुरुषांना बरे दिवस आले आहेत. रावण किती विद्वान होता, कैकेयीने पोटच्या मुलाचा विचार केला तर काय बिघडले, शूर्पणखेचे नाक कापणाऱ्यांना कोणी जाब विचारला का, अशी चर्चा श्रोत्यांमध्येही सुरू झाली होती. या पुस्तकात तर एकेक खलपुरुष स्वतःच उठून आपली बाजू सांगत होता. त्यातला सगळ्यात मोठा भाग दुर्योधनाचा. बावीस वर्षे वाचणाऱ्या माणसाला सोडून तो दुसऱ्या कोणाला मिळेल हे धर्मराजांच्या मनातही आले नाही. त्यांनी तीन पाने वाचली. ग्रंथपालबाईंनी ती ऐकली आणि हेडफोन काढून गळ्यात अडकवला.

"तुमचा दुर्योधन सगळ्यांची माफी मागत फिरतोय हो."

"म्हणजे?"

"थोडं रागवा ना."

ते रागावले. बाईंनी पुन्हा ऐकले. "आता मुख्याध्यापक झाला. खडू सापडत नाहीये त्याला."

नेमक्या त्याच वेळी दारात त्यांचे साडू उभे राहिले. धाकट्या मेव्हणीचे यजमान. मोटार चालवायला शिकवण्याचा धंदा. तीस वर्षे शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक, ब्रेक, ब्रेक" ओरडून त्यांचा घसा वाळूच्या कागदासारखा झाला होता. आदल्या संध्याकाळी धर्मराज त्यांच्या घरी चष्म्याची डबी विसरले होते आणि आज जुन्या चष्म्यावर वाचत होते. ती डबी हवेत हलवत साडू म्हणाले, "साडूभाऊ, डोळे आमच्याकडे ठेवून आंधळ्यांत भरती व्हायला निघालात काय?"

बाकावर तीन अंध श्रोते पुस्तके बदलायला आलेले होते. धर्मराजांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण ते तिघे खो खो हसत सुटले आणि त्यांतला एक म्हणाला, "हा आवाज कोणाचा? यांना आत बसवा की."

बाईंनी गंमत म्हणून एक पान हातात दिले. साडूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाचले, "माझा बाप थोरला होता. पण तो आंधळा होता, म्हणून गादी धाकट्याला गेली. एवढ्या एका कारणासाठी." बाकावरचे हसणे थांबले. कोणी काठीही हलवली नाही.

पुढच्या रविवारपासून साडू आत आणि धर्मराज काचेबाहेर.

हेवा काही एकदम वाजतगाजत येत नाही. आधी त्यांना खुर्ची खटकली. साडू तिची उंची वाढवून बसत आणि तशीच सोडून जात. मग पाण्याची बाटली. साडू बाटली आणत नसत, धर्मराजांचीच उचलून घटाघटा पीत. मग ब्रेलमधली पत्रे येऊ लागली. बाई कागदावर बोटे फिरवत वाचून दाखवत. पहिल्या भागाचा नमुना बाहेर गेल्यावर महिन्याभरात अकरा पत्रे आली, अकराही साडूंना. बावीस वर्षांत धर्मराजांना आलेली सगळी पत्रे एका पाकिटात मावत होती. पाकीट फुगलेलेही नव्हते.

घरी तर वेगळेच. बायको फोनवर बहिणीला म्हणाली, "अगं, अंगावर काटा आला बघ माझ्या. भाऊजींना नाटकातच जायला हवं होतं." मग धर्मराजांकडे वळून, "अहो, ऐकलंत का तुम्ही?"

"मीच तपासतो ते. चार वेळा ऐकतो."

"मग कसं वाटतं?"

"उच्चार सैल आहेत."

"तुमचं तोंड का उतरलंय पण?"

"दाढ दुखतेय," ते म्हणाले. दाढ दुखत नव्हती.

त्यांनी साडूंच्या चुका वेचायला सुरुवात केली. दंत्य च, तालव्य च, एखादा गिळलेला अनुस्वार. लाल दिवा सारखा पेटू लागला. साडू एकदा खोलीतून बाहेर डोकावून म्हणाले, "साडूभाऊ, हा दिवा आहे की सिग्नल? तासाभरात पंधरा वेळा लाल. हिरवा लावायची सोय नाही का?" बाईही हसल्या. धर्मराज हसले नाहीत.

आणि मग मयसभेचे प्रकरण आले. पांडवांच्या त्या मायावी सभेत दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडतो, दार समजून भिंतीवर आपटतो आणि सगळे हसतात. एकशे तेरावे पान संपले ते असे: "भिजलेल्या अंगाने मी रथात चढलो आणि". साडूंनी पान उलटले. छपाईच्या वेळी कडा नीट कापल्या न गेल्याने दोन पाने एकमेकांना चिकटलेली होती. ती एकदमच उलटली. एकशे सोळावे पान सुरू होत होते: "मामांना म्हणालो, फासे काढा." वाक्य असे बेमालूम जुळले की साडूंना शंकाही आली नाही.

धर्मराजांच्या पुढ्यातल्या प्रतीत ती पाने चिकटलेली नव्हती. त्यांचे बोट बटणावर गेले. पण डोळे आधीच एकशे चौदाव्या पानावर उतरले होते.

तिथे दुर्योधन म्हणत होता: "आता खरे सांगतो. बापाची गादी गेली, हे खरे. लोक हसले, हेही खरे. पण मी त्यामुळे पेटलो नाही. कोणी हसले नसते तरी मी पेटलोच असतो. त्यांची सभा माझ्या सभेहून देखणी होती, एवढे पुरे होते. माझ्या घरात काही कमी नव्हते. त्यांच्याकडे होते, हीच माझ्याकडची उणीव. आग आधी लागली. कारणे मी नंतर गोळा केली. मामांनी मला काही शिकवले नाही. त्यांनी फक्त माझ्या मनातले मोठ्याने म्हटले."

धर्मराजांचे कान तापले. कोणीतरी खांद्यावरून आपल्या पुढ्यात बघते आहे असे वाटून त्यांनी मागे वळून पाहिले. मागे पंखा फिरत होता. आत साडू शकुनीला फासे टाकायला लावत होते, आणि काय टाकत होते.

त्यांनी बोट उचलले आणि मांडीवर ठेवले.

प्रकरण संपले की सांगू, असे त्यांनी स्वतःला सांगितले. मग, पुढच्या रविवारी. मग त्यांच्या मनात एक छान चित्र तयार झाले: कोणीतरी छापील पुस्तकाशी ताडून पाहतो आहे, बोभाटा होतो आहे, आणि बाई म्हणत आहेत, "शेवटी वाचनाला शिस्त लागते हो, नुसता आवाज असून चालत नाही." या चित्रात तपासणारा कोण होता हा प्रश्न त्यांनी सोयीने बाजूला ठेवला. आणि खरे तर आणखीही एक गोष्ट होती. ती दोन पाने साडूंच्या आवाजात, आपल्या कानात, आपण ऐकावीत हे त्यांना नको होते.

पुस्तक संपले. धर्मराज आत गेले, खुर्ची खाली केली, वाक्य बोलले आणि बाहेर आले. तीनशे प्रती रवाना झाल्या.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला श्रोत्यांची बैठक असे. यावेळी वाचनालयाच्या दिवाणखान्यासारख्या खोलीत घडीच्या खुर्च्या पुरल्या नाहीत. दाराजवळच्या खुंट्यांवर पांढऱ्या काठ्यांची दाटी झाली होती. साडूंच्या भोवती माणसे, धर्मराज खिडकीशी. विषय एकच: दुर्योधन दोषी की निर्दोष?

हाडांच्या दवाखान्यात व्यायाम देणारा एक धिप्पाड माणूस प्रथम बोलला. "आम्हाला काय विचारता? आंधळा म्हणून बापाला डावललं. मला तीन ठिकाणी नोकरीत डावललं. माझा मुलगा चिडला तर मी त्याला वाईट म्हणू?"

कायदा शिकणारी एक मुलगी म्हणाली, "आणि ते हसणं. परवा मी बँकेत काचेच्या दारावर आपटले. मागे दोघं हसले. हे लोक त्याला हसतात आणि खलनायक तो?"

"बरोबर," चारपाच जण म्हणाले. "निर्दोष. सोडून द्या त्याला."

खोलीत निकाल लागल्यासारखे झाले. साडू म्हणाले, "वकीलबाई, फी माझ्याकडून घ्या. शंभर कौरवांत वाटून देतो." हशा झाला.

तो ओसरल्यावर कोपऱ्यातून एक शांत आवाज आला. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तीस वर्षे काम करणाऱ्या ताई. सगळे त्यांना ऑपरेटरताई म्हणत. "मला एक कळत नाही. मीही आपटलेय दारांवर. लोक हसलेतही. मला राग आला, रडू आलं. पण कुणाचं घरदार हिसकावून घ्यावंसं वाटलं नाही. हा पाण्यात पडतो आणि लगेच फासे मागतो. मधे काहीतरी राहिलंय."

कोणीतरी म्हणाले, "धर्मराजांनी तपासलंय ना? मग विचारायलाच नको."

सगळे चेहरे त्यांच्या दिशेने वळले. डोळे नव्हे, कान.

"लेखकाने लिहिलं नसेल," धर्मराज म्हणाले.

बाईंनी कपाट उघडून वाचनाच्या खोलीतली प्रत काढली. पाने उलटता उलटता त्या थांबल्या आणि टेबलावरची स्टीलची पट्टी त्यांनी कडेत सरकवली. चिकटलेली पाने टरकन सुटली. "एकशे चौदा, एकशे पंधरा," त्या म्हणाल्या. "ही वाचलीच गेली नाहीत."

साडूंनी कपाळावर हात मारला. "घ्या. गाडी दोन स्टॉप न थांबताच गेली. माझीच चूक. साडूभाऊंना बोल लावू नका कोणी, माझं ऐकून ऐकून त्यांचा डोळा लागला असेल. आणा, आत्ता वाचतो."

त्यांनी उभ्यानेच वाचले. या वेळी आवाजात गर्जना नव्हती. पहिल्यांदाच वाचत असल्यामुळे ते एकेक शब्द चाचपत पुढे जात होते. "आग आधी लागली, कारणे मी नंतर गोळा केली," इथे ते क्षणभर अडखळले आणि पुढे गेले. पाने संपली तेव्हा बँकेतल्या काचेवर आपटलेली मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे मग तो वाईटच ठरला?"

"बापाची गादी गेली ते तरी खोटं नाही ना?" धिप्पाड माणसाने विचारले.

"नाही, तेही खरंच," ऑपरेटरताई म्हणाल्या. "मघाशी तो मला बिचारा वाटत होता. बिचाऱ्याला सोडून देणं सोपं असतं, त्याने काही केलेलंच नसतं. आता तो माणूस वाटतोय. यानं केलंय, आणि केलं म्हणून स्वतः सांगतोय. याला मी सोडणार नाही. पण याच्याशेजारी बसेन."

चहा आला. धर्मराज कप न घेता जिन्यात जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने मागे काठीची टकटक आली.

"धर्मराज ना? तुमच्या चपलांचा आवाज ओळखते मी." ताईंनी कठडा चाचपला. "बावीस वर्षं तुमचं शेवटचं वाक्य ऐकतेय. एका दमात म्हणता. या वेळी 'शब्दशः'च्या आधी थांबलात. लहानसंच. पण मी दिवसभर आवाजच ऐकते. इस्पितळात फोन करणारी माणसं कुठे थांबतात ते मला कळतं."

धर्मराजांनी कठड्यावरचा हात काढून घेतला.

"पुस्तकात काहीतरी राहिलंय हे मला गोष्टीवरून नाही कळलं. तुमच्यावरून कळलं. मी बाईंना हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही." आणि त्या एकेक पायरी मोजत खाली गेल्या.

आत सगळे मजेत होते. साडू कोणालातरी क्लच म्हणजे काय ते हातवारे करून समजावत होते, आणि हातवारे दिसत नाहीत हे लक्षात आल्यावर त्याचा हात धरून समजावत होते. आता गप्प बसले तर काही होणार नव्हते. चूक साडूंनी पदरात घेतली होती, पाने सापडली होती. धर्मराजांना हवे होते ते सगळे झाले होते. फक्त त्या चित्रातल्यासारखे गोड लागत नव्हते.

"बाई," ते म्हणाले, आणि खोली आपोआप शांत झाली, कारण हा आवाज ऐकायची तिला सवय होती. "पानं सुटली तेव्हा माझा डोळा लागला नव्हता. मला दिसलं होतं. मी बटण दाबलं नाही."

साडूंनी धरलेला हात सोडला. "कधी? वाचत होतो तेव्हाच?"

"हो."

"म्हणजे सात आठवडे."

"सात."

"का पण?" साडूंनी विचारले, आणि उत्तराची वाट पाहता पाहताच त्यांना ते कळले असावे. त्यांचा चेहरा कधी नव्हे तो बिनविनोदाचा झाला. "आणि मी इथे उभा राहून तुमची बाजू घेत होतो," एवढे म्हणून त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि गेले.

घरी बायकोला सगळे सांगितले. तिने हातातले भांडे फळीवर लावले. मग म्हणाली, "त्यांचं कौतुक मी केलं ते चुकलं असं म्हणू नका म्हणजे झालं." तसे म्हणायचे त्यांच्या अगदी ओठांवर आले होते.

बाईंनी निर्णय दोन ओळींत कळवला. तपासणीचे काम यापुढे नाही. सुटलेली दोन पाने साडूंनी वाचून द्यायची. आणि नव्या प्रतीसाठी शेवटचे वाक्य बदलून, झाला प्रकार सांगून, धर्मराजांनीच बोलायचे. ज्या आवाजाने खोटी खात्री दिली त्यानेच ती मागे घ्यायची.

त्या आठवड्यात गोदामात त्यांनी एका कोऱ्या लेबलाच्या मागे ते निवेदन चार वेळा लिहिले. रविवारी साडेनऊला आत जाऊन बसले. खुर्ची उंच होती. त्यांनी ती तशीच राहू दिली. समोर पाहिले तर काचेपलीकडे, त्यांच्या जागी, हेडफोन लावून साडू. त्या बैठकीनंतर दोघांत एक शब्द झाला नव्हता. साडूंच्या पुढ्यात कागद नव्हता. फक्त बटण होते.

धर्मराजांनी वाचायला सुरुवात केली. आवाज छान लागला होता, घडी घातल्यासारखा. "या पुस्तकाच्या आधीच्या ध्वनिमुद्रणात पृष्ठे एकशे चौदा आणि एकशे पंधरा वाचली गेली नव्हती. ती आता वाचली आहेत. तपासणीच्या वेळी ही गोष्ट नजरचुकीने"

लाल दिवा लागला.

त्यांनी वर पाहिले. साडूंचे बोट बटणावर होते आणि नजर सरळ त्यांच्यावर. रागाची नव्हती. शिकाऊ माणूस वळणावर आला की शेजारच्या सीटवरून जशी असेल तशी होती.

वाद घालायचा नसतो. धर्मराजांनी लेबल उलटे करून ठेवले, पाण्याचा घोट घेतला आणि मागच्या पूर्णविरामापर्यंत गेले.

"तपासणीच्या वेळी ही गोष्ट मला दिसली होती," ते म्हणाले. "वाचणाऱ्याचा मला हेवा वाटत होता, म्हणून मी गप्प राहिलो. आता हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शब्दशः वाचले आहे."

मग ते दिव्याकडे बघत बसले. तो लागला नाही.